बागेशेजारचे बिऱ्हाड

(पंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त नगररचना अधिकाऱ्याने दिलेले व्याख्यान)



‘नागरी वस्ती आणि उद्याने’ असा विषय आपण मला दिला आहे. नगररचना खात्यात माझी ३३ वर्षे गेली. नकाशावर हिरवा रंग भरणे, तो कोणी पुसू पाहील तर हरकत नोंदविणे आणि पुष्कळदा तो पुसला जाताना पाहणे, असे या नोकरीचे स्वरूप होते. त्यामुळे बागेसाठी किती जमीन राखावी, यावर मी दोन तास सहज बोलू शकेन. परंतु आज मी बागेला लागून असलेल्या भाड्याच्या खोलीविषयी अधिक बोलणार आहे. मुंबईतील दादर-माटुंग्याच्या ज्या भागात माझा जन्म झाला, तेथे बागा विपुल होत्या आणि आम्ही भाडेकरू होतो. बाग सर्वांची असते, असे आपण शाळेत मुलांना सांगतो. त्या बागेशेजारी राहावयास कोणास मिळते, हे मात्र भाडेपावती ठरविते. आणि भाडेपावती आमच्या खात्याच्या कोणत्याही नकाशावर दिसत नाही.

ही वस्ती झाली कशी, ते प्रथम सांगतो. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग असल्याचे निदान मूळचे गोव्याचे असलेल्या डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी केले. पुढे काय झाले ते आपल्या वाडवडिलांच्या गोष्टींतून आपण ऐकलेच आहे. माणसे मेली, गिरण्या ओस पडल्या, लोक गावाकडे पळाले. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि कोंदट गल्ल्या हे रोगाचे माहेर आहे, असे सरकारने ठरविले आणि १८९८ च्या कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने शहराच्या जुन्या भागात घरे पाडून रुंद रस्ते काढले. ज्या गरिबांची घरे पाडली, त्या सर्वांना परवडतील अशी घरे काही त्याने दिली नाहीत. हा दोष त्याच्यावर तेव्हाच ठेवला गेला आणि तो खरा होता. परंतु शहराच्या उत्तरेस, दादर, माटुंगा, शीव या बाजूच्या शेतजमिनी व पाणथळ जागा घेऊन ट्रस्टने नव्या वस्त्याही आखल्या. आज आपण ज्यांना हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, किंग्ज सर्कल, पाच उद्याने म्हणतो, त्या सर्व याच आखणीतून निघाल्या.

या आखणीतील मेख नीट समजून घेण्यासारखी आहे. ट्रस्टने भूखंड विकून टाकले नाहीत, दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. पारशी कॉलनीचे शिल्पकार मंचरजी एदलजी जोशी यांनी आपल्या समाजातील मध्यमवर्गासाठी १०३ भूखंड राखून घेतले, त्यांचा पट्टा ९९९ वर्षांचा आहे. पट्टा म्हटला की अटी आल्या. इमारत किती मजल्यांची, भोवती मोकळी जागा किती, हे पट्ट्यातच लिहिलेले. जोशी यांनी रस्त्यांगणिक झाडेही वेगळी लावविली. एका रस्त्याला अशोक, दुसऱ्याला महोगनी. म्हणजे तेथील हिरवाई दोन प्रकारची होती. एक सार्वजनिक बागेची, जी सर्वांना दिसते. दुसरी प्रत्येक इमारतीच्या भोवतालच्या दहा-पंधरा फुटांची, जिच्यात कोणी शेवगा लावला, कोणी कढीपत्ता, कोणी नारळ. पुढे माझ्या लक्षात आले की वस्तीत जो गारवा असतो, तो बव्हंशी या दुसऱ्या हिरवाईचा असतो. आणि ती पट्ट्याच्या एका ओळीवर उभी असते. १९३३ साली ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला, आणि पट्टेदारांवर लक्ष ठेवण्याचे काम अनेक कामांपैकी एक होऊन बसले.

या भूखंडांवर ज्यांनी इमारती बांधल्या, त्यांनी त्या बहुतेक भाड्याने दिल्या. माझे वडील राजापूर तालुक्यातून आलेले, एका व्यापारी पेढीत कारकून. १९४६ साली त्यांनी पाच उद्यानांपासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या घेतल्या. भाडे ३२ रुपये. वडिलांच्या पगारात ते जड होते आणि पहिली दोन वर्षे एका खोलीत आम्ही व दुसऱ्या खोलीत गावाकडची तीन मुले जेवून-राहून, असे चालले. सकाळी दूध आणावयास गेलेले मूल बागेतून परत येई, कारण तीच जवळची वाट. परीक्षेच्या दिवसांत घरात जागा नसे म्हणून आम्ही दिव्याखाली बाकावर बसून अभ्यास करीत असू. त्या बाकांवर तांत्रिक संस्थेची व महाविद्यालयांची मुले बसत, वृद्ध पारशी गृहस्थ बसत, बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुली बसत. रेन ट्री, ज्यास आपण वर्षावृक्ष म्हणतो, मूळचा अमेरिका खंडातील. संध्याकाळ झाली की तो पाने मिटतो. पाने मिटली की घरी यावयाचे, असा आमच्या आईचा नियम होता. घड्याळ आमच्याकडे एकच होते आणि ते वडिलांच्या मनगटावर असे.

आता भाड्याकडे येतो. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण धरले. युद्धकाळात व फाळणीच्या वेळी शहरात माणसांचा लोंढा आलेला; अशा वेळी मालकाने मनास येईल ते भाडे मागू नये व भाडेकरूस रस्त्यावर काढू नये, हा हेतू रास्तच होता. आमच्यासारखी कारकुनांची, शिक्षकांची, छपाई कामगारांची कुटुंबे बागांच्या शेजारी पन्नास-पन्नास वर्षे राहू शकली, ती या कायद्यामुळे. हे मी कृतज्ञतेने सांगतो. परंतु कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत घेत अर्धे शतक राहिला. आमचे मालक पहिल्या मजल्यावर राहत. सज्जन गृहस्थ. १९९० च्या सुमारास ते एकदा वडिलांना म्हणाले, “काका, तुमच्या मजल्याच्या चारही बिऱ्हाडांचे भाडे मिळून गटार साफ करणाऱ्याची मजुरी निघत नाही.” ते खोटे बोलत नव्हते. गच्ची गळू लागली, सळ्या उघड्या पडल्या. १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ व उपकर आला खरा, परंतु एकाच वेळी हजारो इमारती रांगेत उभ्या राहिल्या तर कोणते मंडळ पुरे पडणार?

ज्यांस भाड्यातून काही मिळत नव्हते, त्यांनी ते पागडीतून घेतले. कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हा होता आणि व्यवहारात ती रीत होती. सरकारी नोकरांनीही पागडी दिलेली आहे, येथे मी अधिक सांगत नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भाडे असे गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने दरवर्षी ४ टक्के वाढीस मुभा दिली. बत्तीस रुपयांवर ४ टक्के म्हणजे किती, याचा हिशेब शिक्षकांनी मुलांना अवश्य घालावा.

मित्रहो, आता जी गोष्ट सांगतो ती माझ्या नोकरीतील नव्हे, घरची आहे, आणि ती सांगताना मला संकोच वाटतो.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक शिक्षिका राहत. आम्ही सारे त्यांना बाई म्हणत असू. १९८१ साली त्या आल्या. मूळ भाडेकरू पुण्यास राहावयास गेले होते. त्यांनी खोली बाईंना दिली आणि दरमहा पैसे घेत. पावती मालकाच्या नावाने मूळ भाडेकरूचीच फाटत राहिली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक ‘लीव्ह अँड लायसन्स’च्या करारावर राहत होते, त्यांना त्या वर्षीच्या दुरुस्तीने भाडेकरूचे संरक्षण मिळाले होते. बाई आठ वर्षे उशिरा आल्या. शिवाय त्यांच्याजवळ करारही नव्हता. त्यांनी २८ वर्षे तेथे काढली. खिडकीबाहेरच्या चार हात जमिनीत त्यांनी पारिजातक, तुळस व एक कडुनिंब लावला. इमारतीतील निम्म्या मुलांना गणित त्यांनी शिकविले, माझ्या मुलीलाही.

२००९ साली इमारतीचा पुनर्विकास ठरला. नियम असा की भाडेकरूंच्या ठरावीक बहुमताने संमती दिली म्हणजे विकसक त्यांना विनामूल्य सदनिका बांधून देतो आणि त्याबद्दल त्याला जादा चटईक्षेत्र मिळते. मी नुकताच सेवानिवृत्त झालो होतो, नियमांचा जाणकार. साहजिकच भाडेकरू समितीचे चिटणीसपद माझ्याकडे आले. अधिकृत रहिवाशांची यादी मी तयार केली. तळमजल्याच्या त्या खोलीपुढे मी पुण्याच्या गृहस्थांचे नाव लिहिले. कायद्याने दुसरे नाव लिहिता येत नव्हते. मात्र मूळ भाडेकरूस बोलावून, ‘२८ वर्षे राहिलेल्या माणसाला सदनिकेच्या किमतीतील काही वाटा द्या, नाही तर आम्ही सह्या थांबवितो,’ असे समितीला म्हणता आले असते. सह्या थांबल्या तर विकसक दुसऱ्या इमारतीकडे जाईल, ही भीती सर्वांना होती. मलाही होती. मी तो विषय सभेपुढे आणला नाही.

बाई काही बोलल्या नाहीत. “तुमचा नाइलाज आहे, मला कळते,” एवढेच म्हणाल्या आणि बदलापुरास भाच्याच्या शेजारी खोली घेऊन गेल्या. आम्हांस नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर घर मिळाले. खाली मोटारी ठेवण्यासाठी काँक्रीटचा तळ झाला. वृक्ष प्राधिकरणाची रीतसर परवानगी घेऊन कडुनिंब व दोन नारळ तोडले गेले. महाराष्ट्रात शहरांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. तो कायदा मी नोकरीत इतरांना समजावून देत असे. पाच उद्याने जेथे होती तेथेच आहेत, त्यांच्यावर कोणी हात टाकलेला नाही. मात्र त्यांच्याभोवतीची ती दुसरी हिरवाई, जी पट्ट्याच्या एका ओळीवर उभी होती, ती इमारतीमागून इमारत अशी विरळ होत चालली आहे. आणि आमच्या इमारतीत आज जी घरे भाड्याने आहेत, त्यांतील एकाचेही भाडे कोणा प्राथमिक शिक्षकाला परवडणार नाही.

या ठिकाणी एका मोठ्या माणसाची आठवण सांगणे आवश्यक वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली परदेशातून शिकून बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. त्यांना राहावयास जागा कोणी देईना. जात लपवून ज्या पथिकाश्रमात ते राहिले, तेथून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. दोन परिचितांकडे विचारणा केली, तेथेही जमले नाही. मुंबईच्या गाडीला अवकाश होता. तो वेळ त्यांनी बडोद्याच्या कामाठी बागेत बसून काढला. हे सर्व त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्या शहराने त्यांना बागेत बसू दिले, बिऱ्हाड दिले नाही. पुढे मुंबईत सुमारे दोन दशके ते परळच्या ट्रस्टच्या चाळीत राहिले, आणि १९३० च्या दशकात हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधून ग्रंथांना जागा करून दिली. चाळही ट्रस्टची आणि कॉलनीची आखणीही ट्रस्टची. मात्र ट्रस्टच्या या वस्त्या समाजासमाजांच्या वसाहती म्हणूनच भरल्या, हे त्यांच्या नावांवरून आजही कळते. ज्या समाजाकडे भूखंड मिळविणारा पुढारी वा भांडवल नव्हते, त्याच्या नावाची कॉलनी तेथे झाली नाही.

हे जुने झाले, असे आपण म्हणू नये. भाड्याचे घर पाहावयास गेलेल्या माणसास आडनाव, धर्म, आहार, लग्न झाले की नाही, हे आजही विचारले जाते. आणि उत्तर आवडले नाही तर ‘जागा कालच गेली’ असे सांगितले जाते. येथे बसलेल्या शिक्षकांपैकी किती जणांना हा अनुभव आहे, ते मी विचारीत नाही. आपल्यावर मुख्यालयी राहण्याची अट आहे. ग्रामसभा त्याचा ठराव करते. त्याच गावात त्या शिक्षकाला घर कोणी द्यावयाचे, याचा ठराव मात्र मी अद्याप पाहिलेला नाही. पंचायत सदस्यांनी हे थट्टेवारी नेऊ नये.

आता आपल्या कामाचे. मोठ्या गावांच्या कडेने शेतजमिनी अकृषिक होत आहेत, आखणी मंजूर होत आहे, चाळी व छोट्या इमारती भाड्याने उठत आहेत. मुंबईची वेस जशी माटुंग्याला होती, तशी तुमच्या तालुक्याची वेस आज तुमच्या गावाच्या शिवारात आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या जमिनीच्या आखणीत १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. कागदावर ती ठेवलेली असतेच. माझा अनुभव असा की ती बहुधा आखणीच्या कोपऱ्यात, ओढ्याकडेला किंवा विजेच्या तारांखाली निघते. पाचएक वर्षांनी तिच्यावर एक पत्र्याची शेड येते, मग सभागृह, मग सभागृहाचे भाडे. मंजुरी देणारे आपण नसलात तरी मंजूर नकाशाची प्रत पंचायतीने मागून घ्यावी, भिंतीवर लावावी आणि त्या तुकड्याच्या चतुःसीमा एकदा सर्वांना घेऊन पायी फिरून पाहाव्यात. सामूहिक मालमत्तेचे जतन हा घटनेच्या अकराव्या अनुसूचीप्रमाणे पंचायतीकडे सोपविण्याजोगा विषय आहे. शहरातील उद्यानांचा विषय बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी आहे. गाव नगरपालिकेत जाते त्या संक्रमणाच्या काळात ही जागा दोघांचीही नसते. जागा हातची जाते ती तेव्हा.

झाड लावताना बुंध्याभोवती हातभर तरी माती उघडी राहू द्यावी. फरशी घालणाऱ्या ठेकेदाराला ती नको असते, कारण मोजमाप सलग येत नाही.

भाडेकराराविषयी एकच गोष्ट सांगतो, ती लिहून घ्या. १९९९ चा कायदा ज्या क्षेत्रांना लागू आहे, तेथे भाड्याचा वा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असणे व तो नोंदविणे कलम ५५ प्रमाणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि अटींविषयी वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. पुष्कळ भाडेकरू मालक नाराज होईल म्हणून करार मागत नाहीत. पुष्कळ मालक भाडेकरू हक्क सांगेल म्हणून करार करीत नाहीत. वास्तविक नोंदलेला करार मालकालाही उपयोगी आहे; मुदत संपल्यावर लायसन्सवरची जागा परत मिळविण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. गावातील शिक्षकाने, ग्रामसेवकाने दोघांना समोरासमोर बसवून हे सांगितले तर अर्धा अविश्वास जाईल. ज्या गावाला हा कायदा अद्याप लागू नाही, तेथेही लेखी करार करावयास कोणी अडविलेले नाही.

बाईंविषयी कोणी विचारील म्हणून सांगतो. त्या बदलापुरास गेल्यावर पुष्कळ वर्षे दर गुरुवारी दुपारची गर्दी नसलेली गाडी पकडून माटुंग्यास येत. स्टेशनपासून चालत पाच उद्यानांत येऊन वर्षावृक्षाखालच्या ठरलेल्या बाकावर बसत. कोणी जुना विद्यार्थी भेटे, कोणाची नात गणिताची वही दाखवी. मी वरून, सहाव्या मजल्यावरून, त्यांना पाहत असे. दोनदा खाली जाऊन त्यांना घरी चहाला बोलाविले. दोन्ही वेळा त्या हसून म्हणाल्या, “येथे बरे वाटते,” आणि बाकावर माझ्यासाठी जागा करून दिली. पाने मिटू लागली की त्या उठत, कारण बदलापूरची गाडी त्यानंतर फार भरे.